नाताळ २६ तारखेला

सणाला तारीख असते, असे मी बालपणापासून मानत आलो. डिसेंबरची २४ तारीख उजाडली की आमच्या ओटीवर कंदील चढायचा, अंगणात येशूबाळाचा गोठा उभा राहायचा, आई चुलीपुढून हलायची नाही आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतर सारे घर एका पंगतीला बसायचे. पुढे सेमिनरीत उपासना-वर्षाचा अभ्यास झाला आणि या बालसमजुतीला शास्त्राचा आधार मिळाला. आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, प्रकटीकरणाचा सण, सारे जिथल्या तिथे. या नीटनेटक्या मांडणीला पहिला धक्का बसला तो रोममध्ये, २००२ सालच्या नाताळात. तो देणारी होती परक्या घरी धुणीभांडी करणारी फिलिपिन्सची एक बाई.

त्या काळात मी उच्च शिक्षणासाठी रोमला होतो. रविवारी दुपारी फिलिपिनो भाविकांच्या एका गटासाठी इंग्रजीतून मिस्सा अर्पण करण्याचे काम माझ्याकडे आले होते. रोममधील या समाजाचे मुख्य केंद्र म्हणजे सांता पुदेन्झियाना हे प्राचीन चर्च. शतकानुशतके रस्त्याची पातळी वर चढत गेल्याने या चर्चमध्ये शिरायला पायऱ्या उतराव्या लागतात. वेदीमागे चौथ्या शतकाच्या अखेरीचे मानले जाणारे कुट्टिमचित्र आहे. त्यात प्रेषितांच्या मधोमध प्रभू ख्रिस्त सिंहासनावर विराजमान आहे. सोळाशे वर्षांच्या त्या चित्राखाली तगालोग भाषेतील गीते ऐकताना मला वाटे, परक्या शहरात आसरा शोधणाऱ्यांचेच चर्च रोममध्ये प्रथम उभे राहिले होते. हेही त्यांचेच नातेवाईक.

आमच्या लहानशा गटात बहुसंख्य स्त्रियाच होत्या. इटालियन घरांतील स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, म्हाताऱ्यांची शुश्रूषा ही त्यांची कामे. गुरुवारची दुपार आणि रविवार एवढीच त्यांची सुट्टी. फिलिपिन्स सरकारने १९७४ सालच्या कामगार कायद्याने परदेशी नोकरीला रीतसर उत्तेजन दिले. आज सुमारे एक कोटी फिलिपिनो परदेशात राहतात, आणि त्यांच्याकडून दरवर्षी मायदेशी जाणारी रक्कम तीस अब्ज डॉलरांहून अधिक आहे. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना ‘नवे वीर’ म्हणून गौरवले. गौरव खराच होता. परंतु वीरांच्या घरी मागे कोण राहते, हे मला त्या बाईंकडून कळले.

त्यांना सारे ‘आते’ म्हणत. तगालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. मराठीत आते म्हणजे वडिलांची बहीण, हे मी सांगितले तेव्हा त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे फादर, कुठल्याही हिशेबाने मी तुमच्या घरचीच!” वयाने त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. तरीही मिस्सानंतर माझा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावीत. थोरामोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची त्यांची ही जुनी रीत. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरची संध्याकाळ उभी राही. रोझरी संपली की आम्ही भावंडे आजीपासून सुरुवात करून एकेकाचा आशीर्वाद घेत असू. व्हिनेगर-लसणात शिजवलेल्या त्यांच्या अदोबोच्या वासाने तर थेट आमच्या इंद्याळाची आठवण येई.

आते बातांगास प्रांतातल्या. त्या प्रांतातून इटलीला आलेली माणसे इतकी, की माबिनी नावाच्या गावात त्यांच्या कमाईतून इटालियन धाटणीची घरेच्या घरे उभी राहिली आहेत. आतेंचेही घर बांधून झाले होते. त्या घरात त्यांची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा राहत होता. आतेंनी घर सोडले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. सात वर्षांत त्यांनी त्याला दोनदा पाहिले होते.

फिलिपिन्समध्ये नाताळ सप्टेंबरातच वाजू लागतो, असे हे लोक गमतीने सांगतात. खरी तयारी १६ डिसेंबरपासून. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत रोज पहाटे मिस्सा असतो. त्याला ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. शेतावर जाण्यापूर्वी शेतकऱ्यांना उपासना साधता यावी म्हणून स्पॅनिश राजवटीत रूढ झालेली ही प्रथा. चर्चबाहेर केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली तांदळाची बिबिंका विकायला असते. नाव गोव्याच्या बेबिंकेशी जुळते, चव मात्र निराळी. नऊही पहाटा जो चुकवत नाही, त्याचे मागणे देव ऐकतो अशी श्रद्धा आहे.

रोममध्ये मात्र पहाट मालकाची होती. म्हणून तिथे सिम्बांग गाबी संध्याकाळी, कामे आटोपल्यावर होई. आमच्या गटाला सगळ्या संध्याकाळी जमत नसत. ज्यांना ज्या दिवशी सुटका मिळे, त्या त्या दिवशी येत. एकीने पाच मिस्सा केले, दुसरीने चार, आणि दोघींनी मिळून नऊ झाले असे ठरवून टाकले. देवाला बेरीज येते, असे आतेंचे म्हणणे. पुढे १५ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर महामंदिरात याच समाजासाठी सिम्बांग गाबीचा मिस्सा अर्पण केला, तेव्हा मी इथे माझ्या धर्मग्रामात बसून ती बातमी वाचली आणि मला आतेंची बेरीज आठवली.

त्यांचा कंदील आमच्यासारखाच पाच टोकांचा तारा. त्याला ‘परोल’ म्हणतात. बांबूच्या कामट्या रोममध्ये कुठून मिळणार? त्यांनी बाजारातून फळांची रिकामी खोकी आणली, लाकडाच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि लाल-पिवळा कागद चिकटवला. मी वसईचा माणूस, कंदील बांधण्यात तरबेज. गाठी मारायला मीही बसलो. तिथे भिंतीवर संत लोरेन्झो रुईझ यांची तसबीर होती. १८ ऑक्टोबर १९८७ रोजी संतपदी बसवलेले हे पहिले फिलिपिनो संत. मी म्हटले, “आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तुमच्या मनिलातच फ्रान्सिस्कन झाले. तिथूनच १५९३ साली ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. तुमचे लोरेन्झोही त्याच शहरात, ४० वर्षांनी.” सगळ्या बायका हरखून गेल्या. आते मात्र तसबिरीकडे पाहत होत्या. खुनाचा आळ आला म्हणून लोरेन्झो १६३६ साली मनिला सोडून जहाजात चढले, आणि पुढल्याच वर्षी नागासाकीत श्रद्धेसाठी मेले. पत्नी आणि तीन मुले मागे राहिली.

“फादर,” आते म्हणाल्या, “त्या तीन मुलांचं पुढे काय झालं, हे प्रवचनात कुणी सांगत नाही.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी गाठ मारीत राहिलो.

नाताळचे मुख्य जेवण म्हणजे ‘नोचे बुएना’. मध्यरात्रीचा मिस्सा करून आल्यावर सारे कुटुंब जेवायला बसते. त्या जेवणासाठी आतेंनी ऑक्टोबरातच एक मोठे पुठ्ठ्याचे खोके जहाजाने रवाना केले होते. या खोक्याला ‘बालिकबायान’ खोके म्हणतात. बालिकबायान म्हणजे मायदेशी परतणारा. माणूस परतू शकत नाही तेव्हा खोके परतते. ते भरायला त्यांना सहा महिने लागले होते. चॉकलेटे, डबाबंद मांस, कॉफी, साबण, टॉवेल आणि मुलासाठी बूट. आजीने कागदावर मुलाचे पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ ओढून तो कागद टपालाने पाठवला होता. आते तो कागद घेऊन दुकानात गेल्या आणि एक माप मोठे बूट घेतले. खोके पोहोचेपर्यंत पाऊल वाढणार होते.

२४ तारखेला रोममध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा फिलिपिन्समध्ये मध्यरात्र होते. आतेंच्या मालकांकडे त्या रात्री वीस पाहुणे जेवायला होते. त्यामुळे मध्यरात्रीच्या मिस्साला त्या आमच्याबरोबर नव्हत्या. आमच्या गटातील बहुतेक जणी नव्हत्या. शहरातल्या शेकडो घंटा एकाच वेळी निनादत होत्या आणि माझ्यापुढची बाके जवळजवळ रिकामी होती. ज्या हातांनी रोमच्या घरोघरी नाताळचे टेबल सजले, ते हात भांडी घाशीत होते.

त्यांचा नाताळ २६ तारखेला झाला. इटलीत संत स्टीफनच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या वर्षी तो गुरुवार होता. दुपारी चर्चच्या तळघरातील खोलीत परोल पेटला. भात, अदोबो, दीर्घायुष्याचे प्रतीक म्हणून शेवयांसारख्या लांबलचक पान्सितची मोठी परात. मी वस्त्रे चढवताना घोटाळलो. त्या दिवसाची उपासना हुतात्मा स्टीफनची, वस्त्र लाल. आते पुढे येऊन हळूच म्हणाल्या, “फादर, मिस्सा पुस्तकाप्रमाणे होऊ द्या. पण शेवटी येशूबाळाचं चुंबन घ्यायला मिळेल ना?” मी लाल वस्त्रात मिस्सा अर्पण केला आणि अखेरीस येशूबाळाची मूर्ती हातात धरून उभा राहिलो. एकेक बाई आली, तिने मूर्तीच्या पावलांचे चुंबन घेतले. मुलांच्या पावलांची मापे कागदावर मागवणाऱ्या त्या आया होत्या.

जेवताना मी आतेंना विचारले, “पाच वाजता घरी फोन लागला का?”

“लागला ना! मालकीणबाईंनी दहा मिनिटं दिली. पण मुलगा घाईत होता. ‘आई, खोकं उघडायचंय,’ म्हणाला आणि फोन आजीकडे देऊन पळाला.” हे सांगताना त्या हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, “बूट मात्र बरोबर बसले.”

त्या क्षणी माझ्यासमोरील पान्सितची परात अंधूक झाली, आणि मला आमच्याकडची एक वेगळी दुपार आठवली.

रोमला जाण्यापूर्वी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. प्रथम कम्युनियनची तयारी माझ्याकडे होती. एक बाई आल्या. पती जहाजावर नोकरीला. सोहळ्यानंतर आठवड्याने उतरणार होते. “फादर, तारीख आठ दिवस पुढे नेता येईल का? नाहीतर माझ्या एकट्या मुलाला नंतर कम्युनियन द्याल का?” मी तरुण होतो, नियम तोंडपाठ होते. “बाई, धर्मग्रामाचा सोहळा एका घरासाठी पुढे-मागे होत नसतो,” असे मी म्हणालो. त्या वाद न घालता गेल्या. मुलगा मामाचा हात धरून वेदीपाशी आला. आठवड्याने वडील आले, त्यांनी मला जेवायला बोलावले. मी गेलो तेव्हा तो मुलगा पुन्हा तेच पांढरे कपडे घालून, हातात मेणबत्ती घेऊन ओटीवर वडिलांशेजारी उभा होता आणि फोटोग्राफर फोटो काढत होता. मला ते हास्यास्पद वाटले. संस्काराचे नाटक करू नये, असे काहीतरी मी जेवताना बोललोही. त्या घरात कुणी मला उलट उत्तर दिले नाही. ताटात मात्र आग्रहाने वाढत राहिले.

रोमच्या तळघरात, २६ डिसेंबरला, मला कळले की नाटक त्यांनी केले नव्हते. वडील ज्या दिवशी दारात उभे राहिले, त्या दिवशी त्या घराचा सोहळा पूर्ण झाला होता.

परतल्यावर त्या घरी जाऊन क्षमा मागण्याचे मी ठरवले होते. मी गेलो तेव्हा त्या बाई भेटल्या. त्यांना माझे बोलणे आठवतही नव्हते, किंवा न आठवल्याचे सौजन्य त्यांनी दाखवले. भिंतीवर तो फोटो होता. मेणबत्ती किंचित वाकडी, वडिलांचा चेहरा उन्हाने रापलेला.

आता काळ पालटला आहे. आतेंच्या मुलाने पाच मिनिटांत टाकून दिलेला फोन आज चित्रासह बोलतो. आखातात, जहाजांवर, कॅनडात गेलेले माझ्या धर्मग्रामातील बापलेक नाताळच्या रात्री ताटासमोर उभ्या केलेल्या फोनवर दिसतात. तरीही फोनला घास भरवता येत नाही, आणि त्याचा हात कपाळाला लावता येत नाही. आपण त्यांच्या पैशातून चर्चला रोषणाई करतो, सणाच्या पावतीपुस्तकात त्यांची नावे वर छापतो. पण त्यांची रजा कधी असते, हे आपल्याला माहीत असते का?

प्रथम कम्युनियनची तारीख ठरवण्यापूर्वी मी पालकांच्या सभेत आता एकच प्रश्न आधी विचारतो: “कुणाच्या घरचे माणूस बाहेर आहे, आणि ते केव्हा येते?” सगळ्यांच्या रजा जुळत नाहीत. गेल्या वर्षी तीन घरांच्या तीन निराळ्या तारखा निघाल्या. एका घरासाठी सोहळा पंधरा दिवस अलीकडे आणला. दुसऱ्या घरातील मुलीला जूनमध्ये, पावसात, सकाळच्या साध्या मिस्सात कुवेतहून आलेल्या आईशेजारी कम्युनियन दिले. तिसऱ्या घरासाठी मला काहीच करता आले नाही.

त्या मुलाचे वडील येतील तेव्हा त्याने पांढरे कपडे पुन्हा घालावेत, असे मी त्याच्या आईला सांगून ठेवले आहे. फोटोला मीही उभा राहणार आहे. मुलगा वाढत्या अंगाचा आहे, म्हणून पँटची शिवण थोडी सोडून ठेवा, असेही सांगितले.