पेढीकाठून मोत मावलीकडे

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागतं. गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथंच, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी. आमच्या गावाची बाहेर ओळख असलीच तर तेवढीच. त्याआधी बेचाळीस दिवस, ८ नोव्हेंबरला, बाबांचं अखेरचं कीर्तन झालं ते मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात. हे मला फार उशिरा कळलं आणि वांद्रे मनात घर करून बसलं.

यंदा सप्टेंबरात योग आला. वांद्र्याच्या डोंगरावर येशूच्या आईची, मेरीची जत्रा तेव्हाच भरते, ८ सप्टेंबर या तिच्या जन्मदिवसानंतरच्या रविवारपासून आठवडाभर. निघताना आईनं बजावलं, "जत्रा पाय, पण नवसगिवस बोलू नको. बाबा असते त खराट्यानं झोडपलं असतं तुले." गुडघे तिचेच दुखतात, हे इथं सांगून ठेवतो.

अंबा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास केला. एका आईच्या नावाच्या गाडीत बसून दुसऱ्या आईकडे निघालोय, हे बडनेरा मागं पडल्यावर सुचलं.

वांद्रे स्टेशनपासून चढापर्यंत गर्दी अशी, की आपण चालत नाही, ढकलले जातो. दोन्ही बाजूंनी दुकानं. कडियो-बोडियो, पेरवाच्या वड्या, मेणबत्त्या. गर्दीत नऊवारी नेसलेल्या कोळणी होत्या, कपाळाला कुंकू लावलेल्या बाया होत्या, बुरखेही होते. डोंगरावरच्या या मेरीला पोर्तुगीज 'मोंत'ची मेरी म्हणत. 'मोंत' म्हणजे डोंगर. कोळ्यांच्या तोंडी त्याचं 'मोत' झालं, पुढं माउलीची 'मावली' लागली आणि कुणी त्यातून मोत्यांची आईही काढली. व्युत्पत्ती चुकली असेल, पण कोळ्याला शोभणारीच चुकली.

कथा अशी. एका कोळ्याच्या स्वप्नात आलं, की समुद्रात मेरीची मूर्ती सापडेल. १७०० ते १७६० च्या दरम्यान कधीतरी ती खरंच लाटांवर तरंगताना सापडली. या कोळ्याचं नाव कुणाला माहीत नाही. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नादेत या मुलीला मेरीचं दर्शन अठरा वेळा झालं. बिशपनं चौकशी बसवली आणि १८६२ मध्ये ते खरं मानलं. पोर्तुगालात फातिमाला १९१७ साली तीन गुराखी पोरांना दर्शन झालं, त्यावर मान्यतेची मोहोर उमटायला १९३० उजाडलं. तिथं नावं आहेत, तारखा आहेत, जबान्या आहेत. इथं एक निनावी कोळी आणि त्याची झोप, एवढंच. तरी चढावरची गर्दी तसूभरही कमी नाही.

कागदावरचा इतिहास मात्र खडबडीत आहे. जेझुइटांनी इथं चॅपल बांधलं, पोर्तुगालहून मूर्ती आणली. १७०० साली अरब चाचे आले. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू मोलाची समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. मधमाश्यांच्या मोहोळानं त्यांना पळवून लावलं, असं भाविक सांगतात. पुढं मराठे आले. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम आपण शाळेत छाती फुगवून शिकतो. त्याच धामधुमीत हे चॅपल पडलं, हे पुस्तकात नव्हतं. मग १७६० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. तिथं सुरुवातीला खालच्या सेंट अँड्र्यू चर्चमधली 'नावाड्यांची माता' आणून बसवली होती. आज मानाच्या जागी जुनीच मूर्ती आहे.

१७६० या सालावर मी थबकलो. वांद्रे ज्यात येतं ते साष्टी बेट इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलं १७७४ च्या अखेरीस. म्हणजे चॅपल पडलं मराठ्यांच्या स्वारीत आणि पुन्हा उठलं तेही मराठ्यांच्याच अमलात. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात. आपण सोयीनं एकच सांगतो, आणि तिकडचे दुसरी.

आत्ताची देखणी दगडी वास्तू १९०४ ची, आराखडा शापूरजी चंदाभाई या पारशी वास्तुकाराचा. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा मान मिळाला.

दाराबाहेर मेणाचे अवयव मांडले होते: हात, पाय, डोळे, बाळं, घरंसुद्धा. विकणारी मावशी म्हणाली, "दादा, काय दुखतंय?"

"माझं नाही. आईचे गुडघे."

तिनं न विचारता दोन पाय कागदात गुंडाळले. नको म्हणायला तोंड उघडलं, पण पैसे आधीच तिच्या हातात होते. तासभर रांगेत उभा राहून ते वेदीपाशी ठेवले. हात जोडले, मागितलं मात्र काही नाही. आईला सांगायला तेवढी तरी सबब राहावी.

उतरताना हिल रोडवर पोलीस ठाण्यापाशी रेंगाळलो. हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं घालणारा म्हातारा इथं उभा राहून देव दगडात नाही, नवस बोलू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका असं सांगत होता. आणि वरच्या डोंगरावर तेव्हाही मेण वितळत असणार. फाटकातून मी बराच वेळ आत पाहत राहिलो, तशी एका हवालदारानं विचारलं, "काय तक्रार आहे?"

"नाही साहेब, तक्रार काही नाही," म्हटलं आणि स्टेशनचा रस्ता धरला.