रिकामा चौथरा

कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे वेळेची नासाडी, हे आमच्या घरातलं ठाम मत. मी बी.एड. झालेली शिक्षिका, म्हणून ते सर्वांत मोठ्या आवाजात मीच मांडत आले. मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अकरावीतला भाचा लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसला. ‘फुप्पी, ये अंग्रेजी में क्या लिखा है, जरा पढके बताव ना.’

पडद्यावर एका अंगठीचं चित्र आणि खाली चार ओळींचा मजकूर होता. त्याचा अर्थ असा : ही अंगठी महाराज ग्विनच्या थोरल्या मुलाची. तो युद्धाचा देव होता. त्याच्या हातून काही मूर्खपणा घडला, तेव्हा त्याचं देवपण काढून घेतलं गेलं, आणि आज त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. मूर्खपणा कोणता? मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘वोइच तो नै बताते!’

खेळाचं नाव ‘डार्क सोल्स’. तो २०११ साली जपानमध्ये तयार झाला. त्यात कुणी समोर बसून गोष्ट सांगत नाही. तलवार, अंगठी, चिलखत हाती लागलं की त्याखाली दोन-चार ओळी असतात. भेटणारी माणसं अर्धं बोलून गप्प होतात. अनोर लोन्दो नावाच्या देवांच्या नगरीत ग्विनचा पुतळा आहे, त्याच्या मुलीचा आहे, आणि एक जागा मोडून रिकामी केलेली आहे. बस्स. बाकीचं खेळणाऱ्यानं जुळवायचं.

या खेळाचा कर्ता हिदेताका मियाझाकी. लहानपणी घरची गरिबी, म्हणून तो वाचनालयातून इंग्रजी अद्भुतकथा आणून वाचायचा. भाषा पुरती कळत नसे, तेव्हा चित्रं बघून मधली गोष्ट तो स्वतःच रचत असे. हे वाचलं आणि मला हसू आलं. माझं सगळं शिक्षण उर्दू माध्यमात. सहावीत असताना मराठी गोष्टींची पुस्तकं मी अशीच वाचली. ‘ती माजघरात जाऊन रडू लागली’ असं एका गोष्टीत होतं. माजघर हे मी कितीतरी वर्षं गावाचं नाव समजत होते. रडण्यासाठी मुलीला परगावी का पाठवतात, याचंही कारण मी मनात तयार करून ठेवलं होतं.

भाच्याचा ठाम दावा होता की तो थोरला मुलगा म्हणजे सोलेअर. हा एक हसरा योद्धा आहे. छातीवर सूर्य रंगवलेला, हातात विजेचं शस्त्र, आणि आपल्या सूर्याच्या शोधात वणवण भटकणारा. जगभरच्या पुष्कळ खेळाडूंनाही असंच वाटत होतं. मी त्याच्या चिलखताखालचा मजकूर वाचून दाखवला : छातीवरचा सूर्य त्यानं स्वतःच्या हातानं रंगवला आहे, त्यात काही दैवी शक्ती नाही, ताकद आहे ती त्याच्या मेहनतीची. ‘ये देखो, दलील तुम्हारे खिलाफ जाती है,’ मी म्हटलं. वर्गात मी ‘खाली जगह पुर कीजिए’ असा प्रश्न घालते, आणि एकाच उत्तराला गुण देते. इथे मात्र आम्ही मामुली चार ओळींवर रात्री अकरापर्यंत भांडलो.

एका रात्री त्यानं अचानक विचारलं, ‘फुप्पी, अपने घर में बी एक हय ना?’

आमच्या बाहेरच्या खोलीत दादांचा फोटो आहे. खुर्चीत दादा, डाव्या बाजूला माझे अब्बा. उजवीकडची कड कात्रीनं कापलेली. पण कापणाऱ्याचा हात हलला असावा, कारण दादांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिली आहेत. जुन्या रेशनकार्डावर एका नावावर निळ्या शाईची रेघ इतक्यांदा ओढली आहे की कागद फाटला आहे. अब्बांना एक थोरले भाऊ होते, एवढंच मला माहीत. ते का गेले हे विचारायचं नाही, हे मी कधी शिकले तेही आठवत नाही.

खाला सांगायची, ते नाटक कंपनीबरोबर गेले. शेजारची बूबू म्हणे की यंत्रमाग परस्पर विकला. लोखंडी पेटीत एक गंजलेला माउथ ऑर्गन सापडला, तेव्हा भाच्यानं लगेच निकाल दिला : गाण्यापायी घर सोडलं. मी त्याला चिलखताची आठवण दिली. माउथ ऑर्गन घरातल्या कुठल्याही पोराचा असू शकतो.

खरं तर मला भीती वाटू लागली होती. सोलेअरबद्दल पाच वर्षं लोक चुकीचं बोलले, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. पण खऱ्या माणसावर मनानं रचलेली गोष्ट लादली तर आपल्यात तिला बोहतान म्हणतात, आणि ते माफही ज्याच्यावर केलं त्यानंच करायचं असतं. तो कुठे आहे, आहे की नाही, हेच जिथे माहीत नाही तिथे माफी मागायची कुणाकडे?

२०१६ साली या खेळाचा तिसरा भाग आला. त्यात एका डोंगरमाथ्यावर वादळी ढगांत, ड्रॅगनवर स्वार झालेला एक राजा भेटतो. हातात वीज, ग्विनसारखीच. ग्विननं ड्रॅगनांचा संहार करून राज्य उभारलं आणि हा सूर्याचा वारस सगळं सोडून त्यांनाच जाऊन मिळाला. हाच तो थोरला मुलगा, असं तिथेही कुणी स्पष्ट म्हणत नाही. पण वस्तूंखालचे मजकूर जुळवले की शंका उरत नाही. भाचा मात्र नाराज झाला. ‘नाम तो आखिर तक नै बताये!’ त्या राजाला खेळात ‘निनावी राजा’ असंच म्हणतात.

रमजानमध्ये एका दुपारी अब्बा एकटे बसले होते. मी म्हटलं, ‘अब्बा, काय झालं ते नको. फक्त नाव सांगा.’ त्यांनी चष्मा काढला, कुर्त्याला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, उठून जातील. मग त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एवढंच.

ते मी इथे लिहीत नाही. भाच्याला मात्र सांगितलं. त्यानं नवा डाव सुरू केला आणि आपल्या योद्ध्याला तेच नाव दिलं. इफ्तारपर्यंत तो योद्धा सात वेळा मेला. मी भाच्याला बजावलं आहे, अब्बा घरात असताना ते नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.