दिवाळीनंतरचा वर्ग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दारोदार कुलपं दिसतात. नवरा-बायको मिळून ऊसतोडीचा एक 'कोयता' होतो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. काही लेकरं त्यांच्यासोबत फडावर जातात. जी आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात, ती माझ्यासमोर बसलेली असतात. आमची शाळा पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी. इथे समुपदेशक नाही. मुलांच्या मनाची काळजी घ्यायला वेळापत्रकात रकानाही नाही. ती हजेरी घेतानाच सुरू करावी लागते.

या दिवसांत पोटदुखी वाढते. "मॅडम, माझं पोट दुखायलंय," असं दुसरीतली मुलगी दुपारच्या सुट्टीआधी रोज सांगते. ती नाटक करते असं कुणी म्हणालं की मी वाद घालते. तिचं पोट खरोखर दुखतं. सात वर्षांच्या मुलाला आईची आठवण आधी पोटात येते, शब्दांत फार उशिरा येते. चौथीतल्या मुलांचं वेगळं. ती पेन्सिलीच्या तुकड्यावरून एकमेकांची कॉलर धरतात, किंवा दिवसभर गप्प राहून शेवटच्या तासाला झोपून जातात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. सगळ्या वर्गासमोर उभं करून "का रडतोस, सांग" असं विचारणं माझ्या मते त्या छळापासून फार लांब नाही, विचारणाऱ्याच्या मनात कितीही माया असली तरी.

म्हणून मी विचारत नाही, काम देते. वाचन कोपऱ्यातली पुस्तकं लावायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची, आवारातल्या कडुलिंबाच्या रोपांना पाणी घालायचं. मीही शेजारी बसून तेच काम करते. दोघांची नजर पुस्तकावर असली की मूल आपोआप बोलतं. "काल मम्मीचा फोनच लागला नाही." यावर लगेच धीर द्यायची घाई करू नये. मी नुसतं "मग?" म्हणते आणि पुढचं पुस्तक उचलते. नंतर खरं ते सांगते: रात्री उशिरापर्यंत गाडी भरावी लागते, कारखान्यावर रांग असते, मोबाइल चार्ज करायला कोपीत, फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, वीज नसते. "उद्या-परवा येतील" हे मात्र कधीच नाही. खोट्या वायद्यानं मूल तेवढ्यापुरतं शांत होतं आणि पुढच्या वेळी आपल्याजवळ येत नाही.

फोनचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. मूल धड्यातला एक उतारा वाचतं, मी तो आवाज व्हॉट्सॲपवर आईबापाला पाठवते. रात्री कोपीवर परतल्यावर ते ऐकतात आणि कधी कधी उत्तर येतं. ते उत्तर परिपाठात ऐकवायचं नाही, हा माझा नियम आहे. ते त्या मुलाचं आहे. त्यानं कोपऱ्यात बसून, हवं तितक्या वेळा ऐकावं.

राज्यात 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार सुरू झाला. त्यातले खेळ, गोष्टी, श्वासाचे व्यायाम मला आवडतात आणि मुलांनाही. पण आमच्याकडची जड वेळ सोमवार सकाळची. रविवार रिकाम्या घरात काढून मूल आलेलं असतं; आजी थकलेली, बोलायला कुणी नाही. त्या दिवशी मी परिपाठ छोटा करते आणि पहिल्या तासाला चित्रं काढायला देते. विषय ठरवून देत नाही, काढलेल्याचा अर्थही विचारत नाही. अशा वेळी मला कोसबाड आठवतं. तिथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. त्यामागचा विचार साधा: मूल जिथे आहे तिथे शाळेनं जायचं. मला वाटतं, मुलाचं मन जिथे आहे तिथेही शाळेनं जायलाच हवं, आणि त्यासाठी गणिताचा तास अर्धा तास पुढे गेला तर जाऊ द्यावा.

पट्टा पडल्यावर फडावरची मुलं परत येतात तेव्हा सगळ्यांना त्यांचा मागे पडलेला अभ्यास दिसतो. त्यांनाही तो दिसतो. ती मागच्या भिंतीला टेकून बसतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यात चाचणी देत नाही. फळ्यावर गणितं मांडते ती त्यांच्याकडून विचारून घेऊन: एका मोळीत किती ऊस, एका गाडीत किती मोळ्या, काट्यावर वजन किती भरलं. ही माहिती वर्गात फक्त त्यांनाच असते. बाकीची मुलं मान वळवून मागे बघतात, प्रश्न विचारतात, आणि भिंतीजवळचा मुलगा उत्तर द्यायला उठतो. मग मी खडू त्याच्या हातात देते.