दादा, या वेळी मला उचलू नकोस

प्रिय दादा,


परवा फोनवर तू म्हणालास, "दिवाळीच्या सुट्टीत पोरांना थीम पार्क दाखवू. तूही चल. खुर्चीची काळजी करू नको, मी आहे ना उचलायला." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले, मला यायचंच आहे. पण उचलण्याबद्दल जे बोलायचंय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. पत्र तुझ्या नावाचं असलं तरी चारचौघांनी वाचावं असं वाटतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथं एकाचं सगळं फिरणं दुसऱ्याच्या कमरेच्या ताकदीवर चालतं.

तू मला पहिल्यांदा उचललंस ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गाव उशिरा निजलं होतं आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातली घरं बसली. मी नऊ वर्षांची होते, तू पंधरा. दगडमातीच्या ढिगाखालून तू मला उकरून काढलंस आणि दोन्ही हातांवर घेऊन सडकेपर्यंत गेलास. कमरेखालची संवेदना परत आली नाही, पण मी जगले ती तुझ्यामुळे. तेव्हापासून तू उचलतोच आहेस. तुळजापूरला महाद्वारातून गोमुख आणि कल्लोळ तीर्थाकडे उतरणाऱ्या पायऱ्या नवरात्रातल्या गर्दीत मला घेऊन उतरलास. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालाच्या अरुंद जिन्यातून मला खाली नेलंस, धबधबा आतून बघता यावा म्हणून. दमलो, असं तू एकदाही म्हणाला नाहीस.

त्या उचलण्याची मला लाज नाही, त्याचं ओझंही नाही. मात्र उचललेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगते.

मला उचललं की खुर्ची मागं राहते. खुर्ची मागं राहिली की मी ठेवाल तिथंच असते. धाकटी पळत कुठं गेली ते बघायला मला वळता येत नाही. एखादी गोष्ट आणखी थोडी बघावीशी वाटली, तरी तुझा फुललेला श्वास दिसतो आणि मी म्हणते, "चल, झालं बघून." खुर्चीतली गादीसुद्धा खुर्चीबरोबर मागं राहते, आणि ती गादी चैनीची नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मी हातांवर जोर देऊन अंग उचलते ते तू पाहिलं आहेस. दाब एकाच जागी राहिला तर संवेदना नसलेल्या कातडीवर जखम होते आणि असा बेडसोर भरायला कधीकधी महिने जातात. उन्हात तापलेली लोखंडी किंवा फायबरची सीट मला भाजते आणि भाजल्याचं मला कळतही नाही. कट्ट्यावर "जरा वेळ" बसवून जाताना हे लक्षात असू दे.

काही वर्षांपूर्वी आपण एका मोठ्या पार्कात गेलो होतो. आदल्या दिवसापासून मी पाणी कमी केलं होतं. खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह तिथं असेल की नाही, ठाऊक नव्हतं. कणा दुखावलेल्या माणसानं पाणी तोडणं म्हणजे लघवीच्या संसर्गाला बोलावणं. तरीही आपल्याकडच्या कितीतरी बाया लग्नकार्याला निघताना हेच करतात, आणि घरातल्या कुणाला ते कळत नाही. पार्काच्या दारात उतार होता, चांगला रुंद. आत मात्र प्रत्येक राइडच्या रांगेला पाइपांची नागमोडी वाट, माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद. मी समोर असताना कर्मचारी तुला विचारायचे, "यांना चालता येतं का?" मग तुम्ही वर आणि मी खाली, मांडीवर सगळ्यांच्या बॅगा, चपला, मोबाइल. मला एकटं वाटू नये म्हणून वहिनी निम्मा वेळ माझ्यापाशी थांबल्या, म्हणजे त्यांचाही दिवस गेला. एकत्र म्हणून निघालेलं आपलं घर तिथं दिवसभर दोन ठिकाणी होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी झाली. छोट्या आगगाडीच्या शेवटच्या डब्याला फळी टाकायची सोय होती. मी खुर्चीसकट आत गेले, पोरं दोन्ही बाजूंना बसली आणि बोगदा आल्यावर आपण सगळे एकदम ओरडलो. परतीच्या वाटेवर पोरं त्या आगगाडीचंच बोलत होती. मोठमोठ्या झोक्यांपुढं ती किरकोळ राइड होती. पण तिच्यात आपण सगळे होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: किती राइड झाल्या यावरून सहल मोजू नये, किती गोष्टी सगळ्यांनी मिळून केल्या यावरून मोजावी. मला वर पोचवणं हा यातला लहान भाग आहे. आपण दुभंगणार नाही अशी जागा निवडणं आणि नसेल तर तशी मागणं, हा मोठा भाग आहे.

सगळ्या राइडमध्ये मला घ्याच, असं मी म्हणत नाही. गरगर फिरणाऱ्या, उलटंपालटं करणाऱ्या राइडमध्ये धडाला आपला तोल सांभाळावा लागतो आणि पायांनी टेकू द्यावा लागतो. मला ते जमणार नाही. वीज गेली आणि गाडी उंचावर अडकली, तर लोकांना जिन्यानं उतरवतात. तिथं मला कसं उतरवणार, हा प्रश्न खरा आहे. अशा ठिकाणी नाही म्हणणारा माणूस माझ्या जिवाची काळजी घेतो आणि मला ते पटतं. पण त्याच कारणासाठी होडी, आगगाडी, चित्रपटाचं दालन, संथ फिरणारं चक्र सगळंच नाकारलं, तर ती काळजी राहत नाही. तिथं फळी लागते, सपाट फलाट लागतो, एक खुर्ची राहील एवढी मोकळी जागा लागते. कुठली अडचण शरीराची आणि कुठली बांधकामाची, हे वेगळं करून बघायला आपण शिकलं पाहिजे.

हे जगात कुणी करून दाखवलं आहे का, असं विचारशील. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात २०१० साली 'मॉर्गन्स वंडरलँड' नावाचं पार्क सुरू झालं. गॉर्डन हार्टमन या बांधकाम व्यावसायिकाची मुलगी मॉर्गन हिला बौद्धिक आणि शारीरिक अडचणी आहेत. सहलीत तिला पोहण्याच्या तलावात खेळणाऱ्या मुलांबरोबर खेळायचं होतं आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली. बापानं ते पाहिलं आणि पुढं दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर अख्खं पार्क उभं केलं. तिथल्या झोपाळ्यावर खुर्चीसकट झुलता येतं आणि अपंग व्यक्तीला तिकीट लागत नाही. २०१७ मध्ये शेजारी वॉटर पार्क झालं. पाण्यात बॅटरीची खुर्ची चालत नाही, म्हणून तिथं दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आणल्या. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ते पार्क फक्त अपंगांचं नाही. घरातला प्रत्येक जण तिथं खेळतो.

आपल्या देशातही काही हललं आहे. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये खुर्ची लाटांजवळ नेणारी लाकडी वाट झाली. काही आठवड्यांतच वादळानं ती मोडली आणि त्यांनी ती पुन्हा दुरुस्त केली. गोव्यात जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट भरतो, अपंगांसाठी आणि अपंगांबरोबर. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः खुर्चीवर असून १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचलं तेव्हा खुर्चीवरून आयुष्य उभं करता येतं, हे मला पहिल्यांदा पटलं.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे, दादा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक इमारतीची व्याख्या करतो, तिच्यात सरकारीबरोबर खासगीही येते, आणि धार्मिक, सांस्कृतिक, विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या जागा स्पष्ट शब्दांत आहेत. म्हणजे देऊळ आलं, थिएटर आलं, पार्क आलं. असलेल्या इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, असं त्यात लिहिलं आहे. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाही, काही निकष बंधनकारक करावेच लागतील. हे निकष अवघडही नाहीत. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. ९० सेंटिमीटरचं दार. खुर्ची वळायला दीड मीटरची मोकळी जागा. गवंड्याला एका ओळीत सांगता येतील.

मी चालवते त्या सेवा केंद्रावर दिव्यांग ओळखपत्रासाठी माणसं येतात. ती पेन्शनचं विचारतात, एसटीच्या सवलतीचं विचारतात, घरकुलाचं विचारतात. फिरायला कुठं जाता येईल, असं कुणी विचारत नाही. पोटाची सोय आधी, हे खरंच आहे. पण त्यांच्याबरोबर आलेली पोरं मला दिसतात. बापाला आपल्याला कधी जत्रेत नेता आलं नाही, ही उणीव त्यांच्या आयुष्यातून पुढं पुसली जात नाही.

आपल्या भागाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागू नये. त्या पहाटे जमीन हलली, पण जीव गेले ते जड माळवदांनी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी. आपण ते समजून घेतलं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, बाकीच्या गावांत घरं मजबूत केली गेली आणि भिंत कशी बांधायची हे गावच्या गवंड्याला नव्यानं शिकवलं गेलं. बांधकाम बदललं की माणसाचं नशीब बदलतं, हे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्याइतकं कुणाला ठाऊक आहे? नळदुर्गला इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात बसून धबधबा बघायला दालन केलं. एवढी कारागिरी या मातीत होती. मग चाकाला एक वाट करणं आपल्याला जड नाही. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तुळजाभवानी मंदिर परिसराच्या विकासाचा १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्या कामात उतार आणि उद्वाहन पहिल्या नकाशातच असावेत, नंतर कोपऱ्यात चिकटवलेले नसावेत, म्हणून मी अर्ज लिहिते आहे. त्यावर तुझी सही हवी आहे. मला घेऊन त्या पायऱ्या उतरलेल्या माणसाइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही.

आता दिवाळीच्या सहलीचं. तिकिटं काढण्याआधी पार्काला फोन मी करणार. मला विचारायचं आहे: खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह कुठल्या भागात आहे आणि त्याला कुलूप तर नसतं ना? कुठल्या राइडला खुर्चीसकट जाता येतं, कुठल्या राइडला सीटवर सरकावं लागतं? रांगेऐवजी बाहेर पडायच्या दारानं आत घेतात का? सावलीत बसायला जागा आहे का? उत्तरं पटली तरच तिथं जाऊ, नाहीतर दुसरी जागा शोधू.

थोरल्याला सांग, पार्काचा नकाशा काढून आपल्या सगळ्यांना जाता येईल अशा गोष्टींवर खूण कर. सकाळी, अंगात उत्साह असताना, त्या आधी करू. दुपारी तू आणि पोरं उंच राइडवर जा, वहिनींनाही बरोबर ने. मी माझी हिंडेन, खुर्ची माझ्याजवळ असेल. बॅगा लॉकरमध्ये ठेवू. कुणी तुला माझ्याबद्दल विचारलं, तर "त्यांनाच विचारा" एवढंच म्हण. आणि गादी, पाण्याची बाटली, औषधं मी स्वतः घेईन. या वेळी पाणी तोडणार नाही.

गाडीतून खुर्चीत सरकताना हात लागला तर मी मागेन. एरवी माझ्या मागं किंवा पुढं नको, बरोबर चाल. तुझीही कंबर आता सत्तेचाळीस वर्षांची झाली, दादा. तिला विसावा मिळायला हवा आणि मला माझी वाट. या दोन्ही गोष्टी एकाच उतारानं होणार आहेत, म्हणून तो मागायला माझ्याबरोबर तूही उभा राहा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारीख कळव, फोन लावायला घेते.

तुझी,
धाकटी बहीण