हाशियाचं ऋण

चित्रकलेची पदविका मी संभाजीनगरला घेतली, पण चित्राचं पान कसं उभं राहतं हे शिकवलं बीडच्या एका जिल्दसाजाने, म्हणजे पुस्तकबांधणी करणाऱ्याने. सगळे त्यांना चाचाच म्हणत. बशीरगंजातल्या त्यांच्या दुकानात कोर्टाची रजिस्टरं, शाळांच्या हजेऱ्या आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या पोथ्या-किताबांची चळत असे.

एकदा मी मलिक अंबरच्या चित्राची छापील प्रत घेऊन गेलो. मुघल चित्रकार हाशिमने १६२०च्या सुमारास काढलेलं हे चित्र ‘मिंटो अल्बम’ या चित्रसंग्रहातलं, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा, एका बाजूने दिसणारा सावळा, करारी चेहरा. आपलं बीड ज्या निजामशाहीत होतं, तिचा हा कर्ता वजीर. मी त्या चेहऱ्यावरच भरभरून बोलत होतो. चाचांचं बोट मात्र कडेच्या नक्षीवर.

“चेहरा बाद में, बेटा. जोड देख पहले.”

मग त्यांनी मला कामालाच बसवलं. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. कागदावर कागद डकवायचा, हवा काढायची, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. दंड भरून येत. अशाच थरांच्या ताठ कागदावर, म्हणजे वसलीवर, मुघल कारखान्यात एका बाजूला चित्र, पाठीमागे नस्तालीकातलं सुलेखन डकवत आणि भोवती हाशिया, म्हणजे नक्षीची कड, रंगवत. हाशिया करणारा बहुधा वेगळाच असे; त्याचं नाव क्वचितच उरतं.

मिंटो अल्बममधलंच दुसरं एक पान डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. अबुल हसनच्या त्या चित्रात मुघल बादशहा जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधी लागलाच नाही; १६२६ साली म्हातारपणी वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहाचा असा राग, तरी त्याच शत्रूची रुबाबदार तसबीरही त्याच अल्बमात जपली गेली, आणि तिच्या कडा सजवताना कुणी हात आखडता घेतला नाही. चाचांकडे गेलो नसतो तर हे माझ्या नजरेतून निसटलं असतं.

आता शाळेत मी मुलांना आधी कागद घोटायला लावतो. चित्र कधी काढायचं म्हणून ती कुरकुरतात. मी जोड तपासतो, मगच पेन्सिल देतो. ही शिस्त चाचांची आहे, हे मुलांना दरवर्षी सांगतो.