घाटाखालचं माहेर

१९८९ साली लग्न होऊन मी रामनगरला आले, तेव्हा माहेरी सगळ्यांना वाटलं, पोर फार लांब गेली. खरं तर गोव्यातलं कुळे आणि जोयडा तालुक्यातलं रामनगर यांच्यामध्ये फक्त घाट. पण घाट चढला की पाट्या कन्नड, अर्ज कन्नड, रेशनकार्डही कन्नड. घरात कोंकणी, भजनात मराठी. पहिली दोन वर्षं मी बाजारात बोटांनीच भाव केला.

आजेसासूबाई हसायच्या. त्यांचंही माहेर कुळ्याकडचंच, पण त्या आल्या होत्या चक्क परदेशातून! तेव्हा घाटाखाली पोर्तुगीज, वर इंग्रज. कॅसलरॉकला गाडी थांबायची आणि शिपाई गाठोडी सोडून बघायचे. १९५५ साली ती गाडीच बंद झाली. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. मधल्या वर्षांत त्यांची आई गेली. निरोप पोचला तो बाराव्यानंतर.

१९९१ च्या डिसेंबरात रेडिओवर सोव्हिएत संघ मोडल्याची बातमी आली. पंधरा देश झाले, माणसं आपापल्या घरातच आणि देश मात्र बदलला, असं आमच्या ह्यांनी समजावून सांगितलं. म्हातारी तांदूळ निवडत म्हणाली, "त्यात नवल कसलं गे? आमचं सुपे मुंबई राज्यात होतं. छप्पन साली म्हैसुरात गेलं, त्र्याहत्तरला त्याचं कर्नाटक झालं. महाजन आयोगापुढं महाराष्ट्रानंही मागितलं. आम्ही आपलं तिथंच भात लावत होतो."

मग काळी नदीवर धरण आलं आणि काळी-पांढरीच्या संगमावरचं ते सुपेच पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, आमची माणसं रामनगरला. धरणाच्या पायथ्याशी शंभर मेगावॅटचं वीजघर आहे. पाहुण्यांना ते दाखवायला नेलं की आजेसासूबाई गाडीतच बसून राहायच्या.

आता माझंच सांगते. आम्ही कुणबी. २००३ साली गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप अनुसूचित जमातीत आले. माझ्या भावाच्या मुलांना तो दाखला मिळाला. आम्ही दोघं एकाच आईची, पण माझ्या मुलाला तो नाही, कारण तो घाटाच्या वर जन्मला. दोन्हीकडे परसात मुडलीचे कांदे तेच, लग्नातल्या चालीरीती त्याच. इथंही कुणबींना यादीत घ्या, ही मागणी मी आल्यापासून ऐकते आहे. निवडणूक आली की व्यासपीठावर तिची आठवण निघते. मतं मागायला येणारे आमच्याशी अगदी गोड कोंकणीत बोलतात, हेही सांगायला हवं.

गेल्या चवथीला भावाची मुलं आली होती. माझ्या मुलाने कॉलेजचा अर्ज टेबलावर ठेवला होता. भाच्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"आते, यात कुणबी कुठं लिहिलंय?"

मी चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.