तिसरीच्या पुस्तकातला जिल्हा

तिसरीला भूगोल म्हणजे आपला जिल्हा. आमचा जिल्हा परभणी, आणि हिंगोली त्यातला उत्तरेकडचा एक तालुका. नदी कयाधू, मुख्य पिके कापूस व ज्वारी, जवळचे तीर्थक्षेत्र औंढा नागनाथ. इतक्यात आमचं गाव संपायचं. गुरुजी पान उलटायचे, आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, अशी आमची खात्री पटायची.

इतिहास खरं तर गल्ल्यांच्या नावांत होता. रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा. निजामाच्या फौजेची इथे छावणी होती, घोडी आणि तोफा कधीच गेल्या, नावं राहिली. आम्ही तोफखान्यात गोट्या खेळलो, पण इथे तोफा होत्या हे कुणी शिकवलं नाही. आजोबा कलेक्टरला मरेपर्यंत ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा हिशोब त्यांना तोंडपाठ. वसमतकडच्या वापटीच्या बहिर्जींचं, निजामाविरुद्ध लढून हुतात्मा झाल्याचं सांगताना मात्र आवाज बदलायचा. १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र: माणसानं घर बदललं नाही, सरकारंच बदलत गेली.

दसऱ्याला रामलीला मैदानावर प्रदर्शन भरे. आकाशपाळणे, मौत का कुआं, रावणदहन. आमच्यासाठी दिवाळी तिथूनच सुरू व्हायची. नवे कपडे मात्र कापसाच्या पहिल्या वेचणीवर अवलंबून. वेचणी लांबली की आई म्हणायची, “पाडव्याला घेऊ की रे.” कुठला पाडवा, ते सांगायची नाही.

मामाचं गाव वसमतच्या बाजूला. मीटरगेजच्या गाडीनं जायचं. ती अकोल्याहून येऊन पूर्णेला जाई. हात खिडकीबाहेर काढला तर तुराट्या लागतील इतकी संथ. साठच्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे आले, तसा त्या भागाचा रंगच पालटला. होळीच्या आसपास गेलो की शिवारभर हळद शिजत असायची. मोठ्या कढया, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ, वर वाफ. मग ती उन्हात पसरायची, वाळली की पिंपात घालून फिरवायची, तेव्हा कुठे हळकुंडाला झळाळी. माझा सदरा पिवळा व्हायचा आणि आठ दिवस तसाच राहायचा. मी तो मुद्दाम धुवायला टाकत नसे. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मामी असती तर म्हणाली असती, “त्याला एवढे दिवस कशाला लागले?”

सरकार मात्र परभणीला. एका सहीसाठी वडील पहाटे निघत, भाकरी बांधून. साहेब दौऱ्यावर असले की पुन्हा पुढच्या आठवड्यात. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत, पाच तालुके. गावात कलेक्टर आला. वडील तेव्हा थकले होते. तरीही पहिल्या कामाला निघताना त्यांनी सवयीनं भाकरी बांधून घेतली आणि साडेअकराला परत आले. साहेब दौऱ्यावर होते.